घरासाठी स्वस्तातलं पिस्तूल घेताना : अमेरिकेतल्या मराठी माणसासाठी

अमेरिकेतल्या कुठल्याही गन शॉपमध्ये काचेखाली दोनशे डॉलरपासून दोन-अडीच हजारांपर्यंतची पिस्तुलं मांडलेली असतात, आणि लांबून बघितलं तर सगळी सारखीच काळी. नवख्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हाच की पैसे नेमके कशाचे? आणि पाचशे डॉलरमध्ये घरात ठेवण्याजोगं काही मिळेल का? मिळतं. फक्त ते पाचशेच्या पाचशे पिस्तुलावर उधळायचे नाहीत. माझं सरळ मत असं की तीनशेच्या आसपासचं, नाव असलेल्या कंपनीचं साधं ९ एमएम (हे गोळीचं माप) पिस्तूल घ्यावं आणि उरलेले पैसे गोळ्या, कुलपाची पेटी आणि एखादा क्लास यांवर घालावेत. का, ते पुढे येईलच. पण त्याआधी एक गोष्ट बघावी लागते, आणि आपल्या लोकांचं घोडं बऱ्याचदा तिथेच अडतं.

तुम्ही एच-वन, एच-फोर, एल-वन किंवा एफ-वन व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक विकत घेता येत नाही, इतकंच नव्हे तर ती किंवा तिची एक गोळीही ताब्यात ठेवता येत नाही. ह्याला मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स. ते काढून लोक पिस्तूल घेतात आणि ते कायद्यात बसतं, पण लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, हे ध्यानात ठेवायचं. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. नवरा सिटिझन आणि बायको एच-फोरवर, किंवा उलट, अशी घरं आपल्यात भरपूर. तिथे पिस्तूल एकाच्या नावावर घेतलं तरी पेटीची चावी किंवा नंबर दुसऱ्याकडे असणं धोक्याचं, कारण हात लावता येतो म्हणजे ताबा आहे, असा अर्थ लागू शकतो. हा साधा दंडाचा मामला नाही. फेडरल गुन्हा आहे, आणि त्यापाठोपाठ इमिग्रेशनचं शुक्लकाष्ठ. शंका असेल तर दुकानदाराला विचारण्याऐवजी वकिलाला विचारा.

बाकी प्रक्रिया सोपी आहे. लायसन्सवाल्या दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. ४४७३ नावाचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासतो. ही यंत्रणा १९९८ पासून चालू आहे आणि पुष्कळदा उत्तर काही मिनिटांत येतं. त्याच्या वर मग राज्याराज्याचे कायदे. टेक्सासमध्ये त्याच दिवशी पिस्तूल घेऊन घरी येता येतं. न्यू जर्सीत आधी ओळखपत्र काढावं लागतं आणि हँडगनसाठी वेगळा परवाना. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगण्याचं राज्याचं ओळखपत्र लागतं. कॅलिफोर्नियात लेखी परीक्षा, दहा दिवस थांबणं, राज्याच्या मान्यताप्राप्त यादीत असलेलंच मॉडेल आणि २०२४ च्या जुलैपासून वर ११ टक्के जादा कर. मॅगझीनमध्ये (पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) दहापेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत अशी राज्यंही बरीच आहेत : कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स. डॅलसच्या मित्राने ‘हे घे’ म्हणून सुचवलेलं पिस्तूल न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये तसंच्या तसं मिळेलच असं नाही.

आता यंत्राकडे. ही पिस्तुलं सेमी-ऑटोमॅटिक असतात, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मशीनगनसारखा भडिमार होत नाही. ‘ऑटोमॅटिक’ काय आहे, तर पुढची गोळी आपोआप जागेवर येणं. गोळी सुटताना तयार होणाऱ्या दाबाने वरचा जाड भाग, म्हणजे स्लाइड, मागे फेकली जाते. मागे जाताना तिच्यावरचा हुकासारखा आकडा रिकामं काडतूस चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेतून, ओढून काढतो, आतला एक छोटा खुंट त्याला ठोकर मारून बाहेर उडवतो. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे रेटते, आणि पुढे येता येता ती मॅगझीनमधली वरची गोळी ढकलून चेंबरमध्ये बसवते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. आकडा, खुंट, स्प्रिंग, मॅगझीनचे वरचे दोन ओठ, यातलं काहीही जरासं चुकलं की गोळी तिरकी अडकते किंवा रिकामं काडतूस अर्धवट बाहेर डोकावत राहतं. स्वस्त आणि महाग पिस्तुलातला जो फरक घरातल्या माणसाच्या कामाचा आहे, तो इथे आहे. नेमातला फरक दहा-पंधरा फुटांच्या बेडरूममध्ये कळतसुद्धा नाही.

स्वस्तपणाचा अमेरिकेतला इतिहास मात्र फार चांगला नाही. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने बाहेरच्या देशांतून येणारी लहान, स्वस्त पिस्तुलं अडवली. देशात बनणाऱ्यांवर तीच अट नव्हती. ती फट बघून लॉस एंजेलिसच्या आसपास रेव्हन, जेनिंग्ज, ब्रायको, लॉर्सिन असे कारखाने निघाले. पोलादाऐवजी जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतायचा आणि शंभर डॉलरच्याही खाली पिस्तूल विकायचं, असा धंदा. त्यातल्या ब्रायकोची एक केस सांगण्यासारखी आहे. तिच्या एका मॉडेलमध्ये चेंबर रिकामं करायचं तर आधी सेफ्टी (गोळी सुटू न देणारी कळ) काढावी लागायची. म्हणजे पिस्तूल निर्धोक करायला निघालेल्या माणसाने आधी ते धोकादायक करायचं! १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात घरातल्या एका मुलाला सांभाळणारा तरुण नेमकं हेच करत असताना गोळी सुटली आणि सात वर्षांच्या त्या मुलाचं शरीर मानेखाली लुळं पडलं. २००३ साली ज्यूरीने सुमारे २.४ कोटी डॉलर भरपाई ठरवली आणि कंपनीने दिवाळं काढलं. ही पिस्तुलं जुन्या बाजारात आणि गन शोमध्ये अजून दिसतात. ऐंशी डॉलरला मिळालं तरी हात लावू नका.

आजची बहुतेक स्वस्त पिस्तुलं त्या जातीची नाहीत. त्यांच्याकडे वळण्याआधी गोळीचं बोलू, कारण दुकानात पहिला गोंधळ तिथे होतो. .२२, .३८०, ९ एमएम, .४०, .४५ अशी नावं ऐकू येतात. घरासाठी ९ एमएमवर थांबा. ही गोळी जर्मनीत १९०२ ची, म्हणजे सव्वाशे वर्षांची जुनी. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली आणि दोन एजंट मारले गेले. ९ एमएमची एक गोळी दरोडेखोराच्या हृदयापर्यंत पोहोचता पोहोचता थांबली होती. मग एफबीआयने गोळी मांसासारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच शिरली पाहिजे असा निकष घातला, आणि मोठ्या गोळ्यांची लाट आली. पुढे ९ एमएमच्या गोळ्या इतक्या सुधारल्या की दहा-बारा वर्षांपूर्वी एफबीआय स्वतःच तिच्याकडे परतली. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की .२२ सोडली तर ९ एमएम सर्वांत जास्त खपते, म्हणून सर्वांत स्वस्त पडते, आणि तिचा धक्काही झेपतो.

गोळीतही दोन प्रकार. पूर्ण तांब्याने मढवलेली साधी गोळी सरावासाठी. टोकाला खळगा असलेली हॉलो पॉइंट घरासाठी. हॉलो पॉइंट जास्त क्रूर म्हणून वापरायची, असा एक समज आहे. खरं कारण वेगळं. ती अंगात शिरल्यावर फुलते, वेग तिथेच घालवते आणि आरपार जायची शक्यता कमी होते. साधी गोळी आरपार जाऊन पलीकडच्या माणसाला लागू शकते. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ठोकलेले जिप्समचे दोन पातळ तक्ते, पुण्या-मुंबईतली विटांची भिंत नव्हे. नेम चुकला तर कुठलीही पिस्तुलाची गोळी, हॉलो पॉइंटसुद्धा, अशा दोन-तीन भिंती सहज ओलांडते. म्हणून पिस्तूल घेण्याच्या आधी घरातून एक फेरी मारा : बेडरूमच्या दारातून जिन्याकडे बघितलं तर त्या रेषेत मुलांची खोली येते का? शेजाऱ्याची भिंत येते का? टाउनहाउसमध्ये हा प्रश्न पिस्तुलाच्या कंपनीपेक्षा मोठा आहे. न्यू जर्सीवाल्यांसाठी जाता जाता : तिथे हॉलो पॉइंट घरात ठेवता येते, दुकानातून घरी आणता येते, पण एरवी बाहेर बाळगण्यावर बंधनं आहेत.

आकाराबद्दल एक चूक हमखास होते. दुकानात तळहातात मावणारी पिस्तुलं गोंडस दिसतात आणि स्वस्तही असतात. ती खिशात बाळगण्यासाठी बनवलेली आहेत. हलक्या पिस्तुलाचा धक्का जास्त बसतो, मूठ पुरत नाही, नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या निशाण्यांमधलं अंतर कमी म्हणून नेम हलतो. घरातलं पिस्तूल पेटीतच राहणार आहे, ते लपवायचं कोणापासून? चार इंचांच्या आसपासची नळी आणि करंगळीसकट पूर्ण मूठ बसेल असं पिस्तूल घ्या.

आता नावं. स्मिथ अँड वेसनचं एसडी९, रूगरचं सिक्युरिटी-९, टॉरसचं जी३, आणि जरा वरच्या पायरीवर तुर्कस्तानच्या कॅनिकची टीपी९ मालिका. पहिली तिन्ही बहुतेक वेळा अडीचशे ते चारशे डॉलरमध्ये येतात. एसडी९चा जुना अवतार चापाला जड होता, २०२३ च्या आसपास आलेल्या २.० मध्ये तो सुधारला. सिक्युरिटी-९ला अंगठ्याने चालवायची सेफ्टी आहे, ज्यांना ती हवीशी वाटते त्यांनी हे बघावं. टॉरस ब्राझीलची. तिच्या काही जुन्या मॉडेलांबद्दल, पडल्यावर गोळी सुटते अशी तक्रार घेऊन अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि कंपनीने दोष कबूल न करता तडजोड केली. जी३ त्या यादीत नाही, पण वापरलेलं टॉरस घेताना मॉडेल कोणतं ते विचारायला विसरू नका. आणि मग ओहायोची हाय-पॉइंट सी९. दोनशेच्या आत-बाहेर. हिची सगळे टिंगल करतात. तिच्यात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकण्याची यंत्रणाच नाही, नुसत्या स्लाइडच्या वजनावर दाब रोखला जातो, म्हणून स्लाइड विटेसारखी जाड. मॅगझीनमध्ये आठच गोळ्या. जड, कुरूप, पण पुष्कळांची व्यवस्थित चालते आणि कंपनी दुरुस्ती फुकट करून देते. खिशात खरंच तेवढेच असतील तर घ्या. आणखी शंभर जमवता येत असतील तर थांबा.

माझी स्वतःची पसंती मात्र यातल्या एकालाही नाही. अमेरिकेतल्या पोलीस खात्यांनी बदललेली जुनी पिस्तुलं दुकानात येतात, त्यांना पोलीस ट्रेड-इन म्हणतात. एफबीआयमागोमाग खाती .४० सोडून ९ एमएमवर गेली तेव्हा ग्लॉक २२ आणि स्मिथ अँड वेसनची एम अँड पी ४० पोत्याने बाजारात आली. पोलिसाचं पिस्तूल रोज कमरेला असतं आणि वर्षातून थोड्याच वेळा चालतं. त्यामुळे बाहेरून रंग उडालेला, कडा पांढऱ्या पडलेल्या, पण आतून बघावं तर फारसं झिजलेलं नाही. पाचशे-साडेपाचशेचं पिस्तूल तीनशेच्या आसपास मिळतं. ९ एमएममधलं मिळालं तर सोनं. .४०चं घेतलं तर धक्का जास्त आणि गोळ्या महाग, हे धरून चाला. निशाणीवर अंधारात चमकणारे ट्रिटियमचे ठिपके असले तर ते विझत आलेले असणार, कारण ट्रिटियमची चमक बारा वर्षांत निम्मी होते. त्यासाठी दुकानदाराने दाम वाढवून सांगितला तर देऊ नका. घरी आणल्यावर स्लाइडला पुढे रेटणारी स्प्रिंग मात्र नवी घाला, ती फार महाग नसते.

काउंटरवर पिस्तूल हातात घेताना लाजायचं नाही, घाईही करायची नाही. दुकानदार रिकामं करून देईल, तरी तुम्ही परत बघा : आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये डोकवा, वाटलं तर करंगळी घालून चाचपा. तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे, बोट चापाबाहेर. हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत दुसरं काही शिकू नका. मॅगझीन आधी काढायचं ते यासाठी की आधी स्लाइड ओढली तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि मॅगझीनमधली दुसरी तिच्या जागी जाऊन बसते. ‘मी तर रिकामं केलं होतं’ म्हणणाऱ्यांचे अपघात बरेचसे असेच होतात. मग बघा, अंगठा मॅगझीनच्या बटणापर्यंत पोहोचतो का, बोटाचं पहिलं पेर चापावर नीट येतं का. वापरलेल्या पिस्तुलात तो काडतूस ओढणारा आकडा कडेला तुटलेला नाही ना, आणि मॅगझीनचे ओठ वाकलेले नाहीत ना, हे बघा.

स्लाइड ओढता येत नाही म्हणून बऱ्याच बायका आणि वयस्कर माणसं पिस्तूल खाली ठेवतात, आणि दुकानदार लगेच लहान पिस्तूल पुढे करतो. उलटा सल्ला! लहान पिस्तुलाची स्प्रिंग सहसा अधिक कडक असते. डाव्या हाताने स्लाइड ओढत बसण्याऐवजी डाव्या हाताने ती घट्ट धरून उजव्या हाताने मूठ पुढे ढकला, जोर खांद्यातून येतो आणि बहुतेकांना जमतं. तरीही नाही जमलं तर स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझेड मुद्दाम सैल स्प्रिंग ठेवून बनवली आहे. थोडी महाग, पण आई-वडिलांच्या वयाच्या माणसांसाठी पैसे वसूल. घरात दोघं वापरणार असतील तर दोघांनी एकदम दुकानात जावं. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने मिळत असेल तर आधी तिथे चालवून बघावं. (वर सांगितलेली व्हिसाची अट रेंजवरच्या भाड्याच्या पिस्तुलालाही लागू होते बरं का.)

पिस्तूल घरी आणलं म्हणजे भरवशाचं झालं असं नाही. साध्या दोनशेक गोळ्या चालवायच्या, आणि नंतर घरात ठेवणार त्याच हॉलो पॉइंटचं निदान एक-दोन मॅगझीन. गोळी अडकायला लागली तर आधी मॅगझीन बदलून बघा, दोष पुष्कळदा तिथेच असतो. दुसरं कारण आपला हात : मनगट ढिलं पडलं तर स्लाइडला रेटा घ्यायला काही उरत नाही आणि ती अर्ध्यात अडखळते. साधी ९ एमएम अलीकडे पाव डॉलरच्या आसपास पडते, हॉलो पॉइंट तिच्या तीन-चारपट. म्हणजे नुसत्या तपासणीचा खर्च साठ-ऐंशी डॉलर. आठशे डॉलरचं पिस्तूल घेऊन पन्नास गोळ्या चालवणाऱ्यापेक्षा तीनशेचं घेऊन पाचशे चालवणारा बरा.

उरलेल्यातले शंभर-दीडशे डॉलर बटणांच्या किंवा नंबरांच्या कुलपाच्या, झटकन उघडणाऱ्या पोलादी पेटीला. ती पलंगाला किंवा भिंतीला बोल्टने आवळा, नाहीतर चोर पेटीसकट नेतो. दुकानातून पिस्तुलाबरोबर वायरचं एक कुलूप मिळतं, कायद्याने द्यावंच लागतं. ते गाडीतून नेण्यापुरतं ठीक. उशीखाली, कपाटातल्या साड्यांच्या घडीत, देवघराच्या खणात, असल्या जागा मुलांना सर्वांत आधी माहीत होतात.

आणि पेटीचं कारण फक्त मुलं नव्हेत. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण ती न बाळगणाऱ्या पुरुषांच्या जवळजवळ आठपट निघालं, बायकांत तर पस्तीसपट. चोर येईल की नाही ठाऊक नाही. घरात कोणी नैराश्यातून जात असेल, नोकरी गेली असेल, कॉलेजातला मुलगा गप्प गप्प असेल, तर ह्या वर्षी पिस्तूल नको, असेल तर काही महिने घराबाहेर ठेवायची सोय बघा. कुत्रा, अलार्म, दाराच्या चौकटीत तीन इंची स्क्रू, बाहेर सेन्सरचा दिवा, यातलं बरंचसं पिस्तुलापेक्षा स्वस्त पडतं आणि आधी कामाला येतं.

तरीही घेतलं, तर एक चांगला हातातला टॉर्चही घ्या. पिस्तुलाला जोडायचा टॉर्च मिळतो, पण त्याने बघायचं म्हणजे ज्याच्यावर उजेड टाकाल त्याच्यावर पिस्तूलही रोखलेलं. रात्री दोनला स्वयंपाकघरात खुडबुडणारा माणूस बहुतेक वेळा पाणी प्यायला उठलेला पाहुणा असतो. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत भावंडांना आणायला गेलेला सोळा वर्षांचा मुलगा चुकीच्या घराची बेल वाजवून बसला आणि घरमालकाने दारातूनच गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला, घरमालकावर खटला उभा राहिला. घरात गोळी झाडण्याबद्दलचा कायदा प्रत्येक राज्यात वेगळा आहे. पन्नास-शंभर डॉलरच्या क्लासात तो शिकवतात, आणि क्लास घ्यायचा तो मुख्यतः त्यासाठी.

एक शेवटचं, खास आपल्यासाठी. रेंजवर नेलेली बॅग भारतात न्यायची नाही. कप्प्यात राहिलेली एकच जिवंत गोळी मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसली तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. नकळत राहिली होती, हे पटल्यावर कोर्टांनी असे गुन्हे रद्द केलेही आहेत, पण तोपर्यंत पोलीस ठाणं, वकील, चुकलेलं विमान हे सगळं व्हायचं ते होऊन जातं. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि प्रवासाला दुसरी घ्या.